ताईचं खातं

माझ्या भाऊजींना विद्यापीठात सगळे कडीकाका म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने माणूस बरोबर ओळखला होता. संगणक विभागात सुरक्षेचं काम त्यांच्याकडे होतं. कोणाचं खातं उघडायचं, कोणाला कुठल्या फायली दिसू द्यायच्या, कोणाचं दार कधी बंद करायचं, हे सगळं तेच ठरवत. घरीही त्यांचं तेच. बाहेर पडताना कडी लावायची, जिना उतरायचा, मग परत वर जाऊन कडी हलवून बघायची. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, खाली उभी राहून ओरडायची, "लागली का हो, की आज तिची तोंडी परीक्षा घेताय?"

माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, त्यामुळे बोलणं जरा हुकमी झालंय असं घरचे म्हणतात. म्हणोत. भाऊजींशी माझं पटायचं ते यामुळेच. आम्ही दोघंही लोकांना फारशी न आवडणारी.

त्यांना लोक टाळत, त्याला एक खास कारण होतं. ते स्वतःच लबाड मेल तयार करत आणि सगळ्या प्राध्यापकांना पाठवत. "आपली परदेशातल्या परिषदेसाठी निवड झाली आहे, विमानाचं तिकीट पाहण्यासाठी इथे दाबा." जो दाबी त्याला तिकीट मिळायचं ते थेट भाऊजींच्या वर्गाचं. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत त्याने तासभर बसायचं आणि चोर मेलमधून आत कसा शिरतो ते ऐकायचं. एकदा खुद्द कुलगुरू सापडले. भाऊजींनी त्यांनाही बसवलं, तेही पहिल्या बाकावर, कारण मागच्या बाकांवर भौतिकशास्त्र विभाग आधीच येऊन बसला होता.

ताईसुद्धा एकदा अडकली. ती त्याच विद्यापीठात संशोधन करायची. तिला मेल गेली होती, "आपल्या शोधनिबंधाला पारितोषिक जाहीर झालं आहे." त्या दिवशी ती घरी आली ती फुगूनच. "सख्ख्या बायकोला खोट्या पारितोषिकाचं गाजर दाखवता? लाज नाही वाटत?"

"खरं असतं तर तू दाबायच्या आधी दोनदा वाचलं असतंस," भाऊजी म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस त्यांचा चहा त्यांनाच करावा लागला.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि त्यात कुणालाही सूट नव्हती. माणूस निवृत्त झाला, नोकरी सोडून गेला, किंवा या जगातून गेला, की संध्याकाळच्या आत त्याचं खातं बंद. निरोपाची भाषणं संपायच्या आधीच बंद. कोणी गयावया केली, की जुन्या मेल बघायच्या आहेत, दोन दिवस राहू द्या, तर म्हणायचे, "भाड्याचं घर सोडताना किल्ली खिशात घालून नेता का?" चोर राहत्या घरात सहसा शिरत नाही, जिथे कोणी राहत नाही ते घर तो आधी हेरतो, असं ते वर्गात सांगत. मी एकदा तो वर्ग हौसेने ऐकला होता. खरं सांगायचं तर मध्ये मला डुलकी लागली होती.

ताईचं काम काय होतं ते मला समजलं तेवढं सांगते. खारं पाणी गाळून पिण्याजोगं करायचं तर ते एका पातळ पडद्यातून दाबून न्यावं लागतं. असे पडदे आहेत, पण ते लवकर चोंदतात. ताईने न चोंदणारा पडदा करायला घेतला होता. तिच्या प्रयोगशाळेत मी दोनचारदा गेले होते. लांबट खोली, मध्ये एक जाडजूड खांब, आणि त्या खांबाला वळसा घालून गेलेली काचेची नळी, कारण टेबल तिथेच बसत होतं आणि खांब काही हलणार नव्हता. सगळे तिच्या नळीला हसायचे. ताई म्हणायची, "माझं पाणी प्रदक्षिणा घालून येतं, म्हणून गोड होतं."

मग ताई आजारी पडली. पडदा जवळजवळ तयार होता, लिहायचं राहिलं होतं. इस्पितळात तिने तिच्या विद्यार्थिनीला जवळ बोलावलं. ही मुलगी चणीने इतकी लहान, की आम्ही तिला पिटुकली म्हणतो. माझ्यासमोर ताई तिला म्हणाली, "तू पूर्ण कर. पण नाव माझं पहिलं. पैसे, पेटंट, काय ते विद्यापीठाला घेऊ दे. नाव मात्र माझं पहिलं." ताई गर्विष्ठ होती आणि मला ते फार आवडायचं. आठवड्याभरात ती गेली.

भाऊजी रडले नाहीत. कामावर लगेच जायला लागले. शर्टाला इस्त्री करायचे, डबा भरायचे, परत यायचे, टीव्हीसमोर बसायचे. टीव्ही बंद असला तरी तिकडेच बघत बसायचे. काही विचारलं तर नीट उत्तर द्यायचे. "जेवलात?" "जेवलो." "काय जेवलात?" यावर जरा विचार करून, "जेवलो काहीतरी." आमची आई त्यांच्यासाठी झुरायची. "जावईबापूंना एकदा मोकळं होऊ दे गं," म्हणायची. मला मात्र त्यांचा राग यायचा, सांगून टाकते. माझी बहीण गेली होती आणि हा माणूस बाहीच्या घडीवरून इस्त्री फिरवत होता. मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर रडायचे, मला आवरायचं नाही, आणि यांच्या डोळ्यांत टिपूस नाही. दगड आहे हा माणूस, असं मी आईजवळ बोलूनही दाखवलं. आईने मला गप्प केलं.

असं बरंच चाललं. पिटुकली काम पुढे नेत होती. ताईच्या फायली विद्यापीठाच्या सर्व्हरवर होत्या, त्यातून तिने सगळं जुळवत आणलं. पेपर पाठवायला आता थोडंच उरलं होतं. तेवढ्यात एक दिवस दुपारची ती माझ्या दुकानात आली. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. तिने काउंटरवर कागद पसरले.

"मावशी, हे बघा."

"इंग्रजी मला वाचून दाखवू नकोस, काय ते सांग."

"लांबच्या एका कंपनीने पेपर छापलाय. पेटंटही मागितलंय. पडदा आपला आहे. तोच मसाला, तेच प्रमाण, सगळं तेच."

"दोघांना एकच गोष्ट सुचू शकते की."

तिने शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. यंत्राची आकृती होती. सगळ्या नळ्या सरळ होत्या आणि मधली एक उगाचच गोल वळून गेली होती. कशाभोवती, तर कशाभोवतीच नाही.

"मावशी, त्यांच्याकडे पण मध्ये खांब आहे का?" असं म्हणाली आणि ती माझ्या स्टुलावर बसून रडायला लागली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. कागदावर वर नावं होती, तिथे ताई कुठेच नव्हती.

घरी आईला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. "चोरी झाली म्हणतेस, मग गेलं काय?"

"काही गेलं नाही, आई. सगळं जागच्या जागी आहे. त्यांनी नक्कल करून नेली."

"जागच्या जागी आहे तर मग ओरडता कशाला?" आई म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे तिचं नाव गेलं." तिला कळलं होतं.

विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. बाहेरून एक वकीलबाई आणल्या, आमचे प्राध्यापक बसवले. पहिलाच प्रश्न असा निघाला, की त्या फायली उघडण्याची मुभा कोणाकोणाला होती. चालू खाती तपासली. त्या फायलींपर्यंत पोचणारं चालू खातं एकच निघालं, पिटुकलीचं. झालं. घरचा भेदी सापडला म्हणून सगळे मोकळे झाले. तिचं खातं गोठवलं, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

यात ताईचं काय होणार, ते वकीलबाईंनी आम्हाला सरळ सांगितलं. बाहेरच्याने घुसून माल नेला असं सिद्ध झालं, तर त्या पेटंटला हरकत घेता येईल, तो पेपर मागे घ्यायला लावता येईल, आणि ताईचं नाव तिच्या कामावर लागेल. पण आतल्याच माणसाने दिलं असेल तर समोरचे म्हणणार, आम्हाला रीतसर मिळालं, तुमचं घर तुम्ही बघा. मग दावा गेला आणि नावही गेलं. नुसत्या वाकड्या नळीवर दावा टिकत नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मग कशावर टिकतो?" त्या म्हणाल्या, "कोण, कुठून, कधी आत आलं, ते दाखवा."

ते दाखवू शकणारा माणूस माझ्या घरातलाच होता. मी रविवारी सकाळी तडक भाऊजींकडे गेले. ते इस्त्री करत होते. मी चप्पल काढता काढताच सुरुवात केली, "तुम्ही एवढे डोळ्यांत तेल घालून बसता ना? मग शोधा की! त्या पोरीने काही केलेलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"मग?"

"कुठून आले ते पण माहीत आहे." त्यांनी शर्ट उलटा केला. "तिच्या खात्यातून आले."

"पिटुकलीच्या?"

"नाही गं. तुझ्या ताईच्या."

मला आधी काही समजेना. मी म्हटलं, "ताईचं खातं बंद असेल ना? तुम्ही कुलगुरूंनाही सोडत नाही."

"तिचं बंद केलं नाही."

त्यांनी सांगितलं ते असं. रोज सकाळी त्यांच्या संगणकावर सगळ्या चालू खात्यांची यादी यायची. त्यात ताईचं नाव असायचं. तेवढ्यासाठी ठेवलं. तिच्या मेल ते कधी वाचत नव्हते, नुसतं नाव बघायचे आणि कामाला लागायचे. पासवर्ड वेळोवेळी बदलला नाही तर खातं आपोआप बंद पडतं, म्हणून तेवढ्या एका खात्याला त्यांनी त्या नियमातून वगळलं. समितीने मागितलेली यादी वेगळी होती. त्या यादीत गेलेल्यांची नावं नव्हती, कारण कडीकाकांच्या राज्यात गेलेल्यांची खाती बंदच असतात, हे सगळ्यांना पाठ होतं. तपासायची गरजच कुणाला वाटली नाही.

"पण पासवर्ड?"

"कुठल्यातरी परिषदेच्या वेबसाइटवर तिने तोच दिला होता. ती साइट फुटली. मी तिला शंभरदा सांगितलं होतं, एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नकोस."

"नुसत्या पासवर्डवर आत येता येतं?"

"नाही. मग खातेदाराच्या फोनवर प्रश्न येतो." त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि कॉलर बोटाने सपाट केली. "तिचा फोन मी चार्ज करून ठेवतो. इथेच असतो. एका सुट्टीच्या दिवशी मी असाच कपडे घेऊन बसलो होतो आणि तो वाजला. किती दिवसांनी वाजला. बघितलं तर तिचं नाव, आणि खाली, तुम्हीच आत येत आहात का? हो किंवा नाही."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. "मग?"

"हो दाबलं."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्याजोगं नाही. तुम्ही लोकांना हेच शिकवता ना, असं म्हणाले. कुलगुरूंना बाकावर बसवता, असं म्हणाले. ताईने मरताना एक गोष्ट मागितली होती, ती तुम्ही स्वतःच्या बोटाने देऊन टाकलीत, हेही म्हणाले. ते ऐकून घेत होते. शेवटी मी विचारलं, "चोर आहे हे कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं. लगेच कळलं." बस किती वाजता सुटते ते सांगावं, तसा त्यांचा आवाज होता. "पण मला 'नाही' दाबता येईना."

"मग नंतर तरी बंद करायचं! उठून जायचं ऑफिसात!"

"हो. जायला हवं होतं. मी राहिलेल्या शर्टांना इस्त्री केली." मग म्हणाले, "काही वाटलंच नाही. भीतीसुद्धा वाटली नाही. वाटायला हवी होती ना?"

त्या क्षणी माझा राग कुठे गेला ते मला अजून सांगता येत नाही. मी त्यांना दगड म्हटलं होतं. मी त्यांच्या हातातला शर्ट घेतला आणि घडी घालायला लागले. ती धड जमली नाही, त्यांनी परत उलगडून घातली.

"बोललात तर नोकरीवर येईल," मी म्हटलं.

"येईल."

"नाही बोललात तर ताईचं नाव..."

"हो," ते म्हणाले. "म्हणून तर तुला सांगितलं. उद्या समितीपुढे जायचंय. तू ये."

आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. दावा टिकला. तो पेपर मागे घेतला गेला, पेटंट अडलं, पिटुकलीला किल्ली परत मिळाली, आणि त्या पडद्याबद्दलचा खरा पेपर छापून आला तेव्हा त्यावर पहिलं नाव ताईचं होतं. आईने तो कागद उशीखाली ठेवला. भाऊजींना त्यांच्या खुर्चीवरून उठवलं. सध्या ते परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधतात. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या समितीच्या खोलीतलं.

लांब टेबल होतं, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. टोकाला एक कारकून आवाज टिपायचं यंत्र घेऊन बसला होता. मला कुटुंबातली व्यक्ती म्हणून भिंतीकडेची खुर्ची दिली. भाऊजींनी कागद मांडले आणि वर्गात शिकवावं तसं सांगितलं. खातं कोणतं, परवानगी कधी मिळाली, फायली कुठल्या देशात गेल्या. आपण होऊन बटण दाबलं हेही त्याच आवाजात सांगितलं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणाले, "कुंपणानेच शेत खाल्लं की हो." ते मला ऐकू आलं, म्हणजे भाऊजींनाही आलंच असणार. त्यांनी कागद नुसता पुढे सरकवला.

वकीलबाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "समोरची बाजू म्हणेल, परवानगी खातेदाराने स्वतः दिली. बाईंनीच आम्हाला काम दिलं, असं ते सांगतील. तशी शक्यता आहे का?"

"नाही."

"का नाही? कारण तुमच्या तोंडून नोंदीत यायला हवं."

भाऊजींनी बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"ती नव्हती," ते म्हणाले.

"नव्हत्या म्हणजे? घरी नव्हत्या? गावाला होत्या? माफ करा, पण हे स्पष्ट हवं, नाहीतर यावरच ते दावा पाडतील."

खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पलीकडचे दोन प्राध्यापक तर तिच्या अंत्यविधीला आले होते. पण हे दुसऱ्या कोणी सांगून चालणार नव्हतं. इतक्या दिवसांत हे एक वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"ती वारली होती," भाऊजी म्हणाले.

कारकून यंत्रावर वाकला. "सर, आवाज आला नाही. जरा मोठ्याने, पुन्हा एकदा."

"माझी बायको वारली."

"झालं, नोंद झाली," वकीलबाई म्हणाल्या. "धन्यवाद. बसा तुम्ही."

ते बसले नाहीत. "माझी बायको वारली," ते भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडे बघून म्हणाले, जणू त्यांना पहिल्यांदाच सांगत होते. मग कारकुनाकडे वळून म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि मला म्हणाले, "अगं, ती वारली." मी उठून त्यांच्याजवळ गेले तरी ते थांबलेच नाहीत. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, शब्द नीट निघत नव्हते, तरी तेच चाललं होतं. वकीलबाईंनी यंत्र बंद करायला सांगितलं.